परण्या कॉलेजपाशी आला तेव्हा

"तुमचा पेपर फुटला म्हणं," गळ्यातला ढोल उतरवता उतरवता भुजंग म्हणाला. "टपरीवर बोलून राह्यले होते लोकं. आता अठराला घेनारेत."

क्लॅरोनेटची पत्ती ओली करायला धर्मराजनं ती तोंडात धरली होती, ती तशीच राहिली. अठरा मे! म्हणजे लग्नांची दाट तिथी, दुसरा वाजवणारा मिळायचा नाही. त्या दिवशी मोंढ्यातल्या तातेराव आडत्याच्या थोरल्याचं लग्न होतं आणि इब्राहीम मास्तरांनी त्याची सुपारी घेऊन, इसार खर्चूनसुद्धा महिना झाला होता.

आता हा धर्मराज म्हणजे राजूरचा. आई झुंबरबाई गणपतीच्या देवळापुढं नारळ-हार विकायची. पोरगा जालन्याला बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आणि सुट्टी मिळाली की इब्राहीम मास्तरांच्या बँडमध्ये. बाकीच्या पोरांची फी बापाच्या खिशातून यायची, याची छातीतून. तीन वर्षं त्यानं फुंकून फी भरली म्हणा ना! लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, आणि टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, कारण नाचणाऱ्यांत कोण निघेल याचा नेम नसे. एकदा नाचता नाचता वर्गातल्याच एकानं नवरदेवावरून ओवाळलेली नोट याच्या नाकासमोर धरली आणि मग किंचाळला, "अबे, धर्म्या तू?" धर्मराजनं सूर सोडला नाही आणि नोटही सोडली नाही. तिच्यात त्याची फी होती, लाज धरून कसं चालेल?

गावाकडं चुलता बोंबलायचा, "कुणब्याचं पोरगं अन् लोकांच्या लग्नात पिपाणी फुंकतंय! नाक कापलं आमचं." झुंबरबाई हारात फूल ओवताना मान वर न करता म्हणायची, "चोरी तं न्हाई ना करून राह्यला? मंग वाजवू द्या की. तुमचं नाक ऱ्हाऊ द्या जाग्यावर."

खरी अडचण वेगळीच होती. लग्नसराई आणि परीक्षा म्हणजे सख्ख्या जावा. दोघी एकाच वेळी दारात उभ्या राहणार आणि एकमेकींचं तोंड बघणार नाहीत. म्हणून मास्तरांचा शिरस्ता असा, की धर्मराजच्या पेपरांच्या तारखा कळल्याशिवाय मे महिन्याची एकही सुपारी घ्यायची नाही. आसपासच्या बँडवाल्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. आणि आता एवढी तजवीज करून हे असं!

"मास्तर, मी पेपर सोडतो," धर्मराज म्हणाला. "ऑक्टोबरला देईन."

मास्तर कोटाचं बटन शिवत बसले होते. दोरा दातानं तोडायची त्यांची जुनी सवय, पण वरचे पुढचे दात पडल्यापासून ते जमत नव्हतं. तेव्हापासून क्लॅरोनेटही सुटलं होतं. त्यात दमा. त्यांनी दोरा विडीच्या थोटकानं जाळून तोडला आणि विचारलं, "ऑक्टोबरात लग्नं असतात का रे?"

"न्हाई."

"मंग फी कुठून आननार? तुझ्या चुलत्याच्या नाकातून?"

धर्मराज क्लॅरोनेट पुसायला लागला. एकदा सुटलेली पोरं पुन्हा कॉलेजात दिसत नाहीत, हे त्यानंही पाहिलं होतं. आधी 'ऑक्टोबरला देतो' म्हणतात, मग 'पुढल्या साली', आणि मग एक दिवस मोंढ्यात पोती मोजताना भेटतात.

"अठराला मी वाजवतो," मास्तर म्हणाले.

"मास्तर, दात कुठं हायेत तुमाला?" भुजंग म्हणाला.

"दात खायला लागतात. बाजाला दम लागतो, दम!"

"त्यो तरी कुठं हाय?"

सगळे खो खो हसले, मास्तरही हसले, आणि हसता हसता त्यांना जी ढास लागली ती बराच वेळ थांबेना. धर्मराजनं पाणी आणून दिलं. त्याला हसू आलं नाही.

अठराला अकरा वाजता तो परीक्षेला बसला. कॉस्टिंगचा पेपर, नवीन जालन्यातलं कॉलेज, आणि खिडक्या सताड उघड्या. पाऊण तास झाला असेल नसेल, लांबून ढोल ऐकू आला. भुजंगचा हात त्यानं लगेच ओळखला. परण्या निघाला होता. नवरदेव घोड्यावर बसवून मारुतीला न्यायचा रस्ता कॉलेजच्या फाटकावरूनच जात होता, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग क्लॅरोनेट वाजलं. काय सांगावं! मास्तरांचा तो जुना गोडवा. वर्षानुवर्षं बंद असलेली पेटी उघडावी आणि आतलं अत्तर अजून दरवळावं, तसं झालं त्याला. पण वरच्या सुरावर दम तुटला. पुन्हा घेतला, पुन्हा तुटला. पेन हातात होतं, पण समोरचा हिशोब धर्मराजला दिसेना. आपण इथं पंख्याखाली बसलोय आणि तो म्हातारा भर उन्हात आपल्यापायी फुंकून राह्यलाय, एवढंच डोक्यात फिरू लागलं.

आवाज फाटकाशी आला, आणि एकदम बंद पडला.

क्लॅरोनेट बंद. ढोल बंद. सगळंच बंद.

धर्मराज ताडकन उभा राहिला. मास्तर पडले! दुसरं काय असणार? ढोलसुद्धा थांबतो म्हणजे माणूस रस्त्यात आडवा झाला. तो बाकाबाहेर आला तसे पर्यवेक्षक धावले. "कुठं निघालास? बाहेर पाऊल टाकलंस तर पुन्हा आत घेता येणार नाही, सांगून ठेवतो."

तो तिथंच उभा राहिला. आज धर्मराज बँकेत अधिकारी आहे, केस पिकले, मास्तर जाऊनही बरीच वर्षं झाली आणि लग्नांत बँड जाऊन डीजे आले. तरी कधीमधी कामाच्या गर्दीत त्याला ती शांतता आठवते आणि हातातलं पेन थबकतं. तेवढ्या वेळात त्यानं मनातल्या मनात डिग्री सोडून दिली होती. पाय दाराकडं वळलेही होते.

आणि ढोल वाजला. फाटकाच्या पलीकडं, पार पुढच्या वळणावर. पाठोपाठ क्लॅरोनेट. तसंच फाटकं, दम तुटलेलं, पण जिवंत! मास्तर पडले नव्हते. कॉलेजपुरता त्यांनी बाजा थांबवला होता. सगळा परण्या त्यांनी फाटकावरून मुक्यानं नेला होता.

धर्मराज बसला. डोळे पुसले आणि लिहायला लागला. असा पेपर त्यानं जन्मात लिहिला नव्हता.

दोन वाजता सुटला तो पळतच मांडवात गेला. पंगती उठत होत्या. मांडवाच्या कडेला मास्तर खुर्चीत बसले होते, मांडीवर क्लॅरोनेट, ओठांवर रुमाल. ओठ खालच्या दातांनी सोलून निघाले होते आणि रुमालावर रक्त उतरलं होतं. समोर तातेराव आडते उभे, तोंडाचा पट्टा चालूच.

"ऐन रस्त्यात बाजा बंद केला तुमी! सगळा मोंढा बघून राह्यला होता. माझ्या पोराचा परण्या मयतीवानी नेला. पुरे पैसे मागायचं तोंड हाय का तुमाला?"

"शेठ, काटा तुमाला काटायचे तेवढे," मास्तर रुमालाआडून म्हणाले. "आत पोरं लिहून राह्यली होती."

"लिहीनात का! तुमचं काय जातंय? तुमचा कोण बसला होता आत?"

मास्तरांची पाठ होती. धर्मराज मागं उभा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी रुमाल बाजूला केला, ताठ बसले आणि म्हणाले, "आमचा क्लॅरोनेटवाला."

भुजंगनं तेवढ्यात ढोलाच्या दोऱ्या आवळायला घेतल्या. पुढं होऊन धर्मराजनं मास्तरांच्या मांडीवरचं क्लॅरोनेट उचललं. नवरीची पाठवणी अजून व्हायची होती.