पाठमोरा

“आत्या, तू आमचे फोटो तिकडच्यांना विकतेस का गं?”

विचारलं एकदाचं! आवाजामुळे वर्गात मला भोंगा म्हणतात, आणि हे विचारलं नाहीस तर आजपासून तू पिपाणी, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. दोघी कुंपणाआड दबा धरून बसल्या होत्या. उद्या वर्गाचा निरोपाचा फोटो काढायला आत्याच येणार होती, म्हणून ही घाई.

आत्यानं आधी गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिलं. आमच्याकडे बोलण्याआधी सगळेच तसं पाहतात.

“तुझ्या बापानं पाठवलं?”

“छे! कळलं तर तंगडी तोडतील.”

“मग आत ये. आणि त्या दोघींना सांग, कुंपणावरून वेण्या दिसतायत.”

आमच्या गावात दोन भावक्या, वरची आणि खालची. भांडण कशावरून लागलं ते दोन्हीकडचे म्हातारे वेगवेगळं सांगतात; बंदुका मात्र एकाच माणसाकडून घेतात. एकदा कुणीतरी फोटोवरून माणूस ओळखला आणि त्याला गोळी घातली. तेव्हापासून इथे कुणी कॅमेऱ्याला तोंड दाखवत नाही. उद्या आम्हीही फळ्याकडे तोंड करून उभं राहायचं ठरलं होतं. निरोप बहुतेक फळ्याचाच!

आत्या दोन्हीकडच्या माणसांचे फोटो काढते, पण सगळे पाठमोरे. कपडे वाळत घालणाऱ्या बायका, भिंतीतली गोळ्यांची भोकं बुजवणारा गवंडी, भिंतीला चिकटून शाळेत जाणाऱ्या आम्ही. फोटो झाला की फिल्मचा तेवढा तुकडा कापून फोटोसोबत ज्याचा त्याला देते. जाळा नाहीतर जपा. तरी लोक म्हणतात, गुपचूप दुसरी प्रत ठेवत असणार. मागची खोली कायम कुलपात असते ती काय उगाच?

आणि माझा दादा. आत्यानं त्याचा फोटो काढला, आणि त्याच आठवड्यात त्याला पुलावर गोळी लागली. तो गेला. बाबांनी तेव्हापासून सख्ख्या बहिणीचं नाव टाकलं.

आत्यानं मागच्या खोलीचं कुलूप काढलं. मला वाटलं होतं, गावातले सगळे चेहरे सापडणार. आत एक दोरी होती, आणि चिमट्यांना लावलेले चार फोटो.

“हे कुणाचे?”

“जे न्यायला आले नाहीत त्यांचे.”

दोन वरच्या भावकीतले, दोन खालच्या. एकाच दोरीवर. शेवटचा दादा होता. सायकलवर, पाठमोरा, बाबांसारखाच बाहेर आलेला कान. फिल्मचा तुकडा उजेडात धरून पाहिला. त्यातही पाठच.

“दुसरा काढला नाहीस कशावरून?”

“न काढलेला फोटो कसा दाखवू, बाळा?”

मी दादाचा फोटो चिमट्यातून सोडवला.

“घरी का नाही आणून दिलास मग?”

“मी आले होते. तुझ्या बापानं दार उघडलं नाही.”

फोटो दप्तरात घालून घरी आणला आणि जेवताना सरळ बाबांच्या ताटाजवळ ठेवला. आई आधी उठली, खिडकी लावली, मगच वाकून पाहू लागली.

“कुठून आणलास?” बाबांनी विचारलं.

“आत्याकडून. हाच तो फोटो. ह्याच्यावरून कोण कुणाला ओळखणार, सांगा.”

बाबांनी हात पुसला, फोटो उचलला. बराच वेळ पाहिला. मग उलटा केला. मागे नुसता पांढरा कागद.

“तोंड कुठाय त्याचं?”

“तुम्हीच बजावलं होतंत ना त्याला,” आई म्हणाली, “तोंड दाखवू नकोस म्हणून.”

बाहेर पावलं वाजली. आम्ही तिघंही थिजलो. पावलं दारावरून पुढे गेली, लांब गेली. बाबांनी फोटो पुन्हा सुलटा केला आणि त्या कानावरून अंगठा फिरवला.

मी भोंगा, पण तेव्हा हळूच बोलले.

“उद्या फोटो आत्या काढणार आहे. बाकीच्यांना काय करायचं ते करू देत. मी पहिल्या रांगेत बसणार, आणि पुढे, कॅमेऱ्यात बघणार.”