टपावरच्या कुरडया

गाडी उघड्या पार्किंगमध्ये.

गच्चीवर सगळीकडे सोलर पॅनल. म्हणून तुळजाबाईंनी नातीच्या रुखवताच्या कुरडया खाली, ऋषीच्या गाडीच्या टपावर घातल्या. प्लास्टिकचा कागद अंथरला, टोकं टपावरच्या दांड्यांना नाडीने बांधली. मे महिन्याचं ऊन. त्या पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. सातव्या मजल्यावरचा ऋषी घरूनच काम करतो, त्याची गाडी हलत नाही, हे त्यांनी बघून ठेवलं होतं. वैष्णवीचं लग्न परवावर आलेलं. गव्हाचा चीक संपलेला. पुन्हा करणं शक्य नव्हतं.

त्या पाणी प्यायला वर गेल्या आणि परत खाली आल्या.

गाडी नाही.

वैष्णवीने सोसायटीच्या ग्रुपवरून ऋषीचा नंबर काढून दिला.

“पोरा, तुझ्या डोक्यावर माझ्या कुरडया हायेत.”

“काय आहेत?”

“कुरडया. टपावर. गाडी पळवू नगंस.”

“आजी, पळवायला रस्ता कुठंय? कंपनीने आजच बोलावलंय सगळ्यांना. चौकात अडकलोय.”

हिंजवडीच्या ट्रॅफिकबद्दल तुळजाबाईंना जन्मात पहिल्यांदा बरं वाटलं.

गाडी अजून चौकातच.

ऋषीने उतरून व्हिडिओ कॉल लावला. शेजारच्या बसच्या खिडकीतून एक बाई डोकावली.

“ओल्या आहेत हो. उलटू नका, मोडतील. तुम्ही केल्यात?”

“आजींनी. माझ्याकडे फक्त वाहतूक आहे.”

तुळजाबाईंना शंका आली. “हापिसात गाडी कुठं लावतोस?”

“तळघरात.”

“उन्हाबिगर आंबतील रे.”

“मीटिंग आहे, आजी.”

“घरातून चालती, मग गाडीतून का न्हाई?”

ऋषी पुन्हा गाडीत बसला. मागच्याने हॉर्न वाजवला.

गाडी उन्हात.

रस्त्याकडेच्या मोकळ्या प्लॉटवर. दुपारी ऋषीचा फोन आला: साहेबांनी विचारलं, कुठून बोलतोयस? त्याने खरं ते सांगितलं. साहेब सोलापूरचे. म्हणाले, सावली सरकली की गाडी पुढे घे.

“चांगल्या घरचा दिसतोय,” तुळजाबाई म्हणाल्या.

गाडी परत.

त्यांनी एक कुरडई नखाने वाजवली. खडखडीत. कडांवरची धूळ फुंकली, सगळ्या डब्यात भरल्या, आणि एक वाकडी निवडून तळायला घेतली.

“रुखवताची ना ती?” ऋषी दारातून म्हणाला. त्याचा एक कान उन्हाने लाल झाला होता.

“रुखवताच्या डब्यात हायेत. ही डायवरची.”