झांजेचे ठसे

कार्तिकातली दुपार खाडीवर उतरली की पाणी कसं दिसतं, सांगू? निवत आलेल्या तुपासारखं. पिवळं, दाट, निःशब्द. माडांच्या सावल्या त्यावर आडव्या पहुडतात, आणि एखादी होडी त्यांना हलकेच चिरत जाते. झोपेतल्या बाळानं कूस पालटावी, तशी.

त्या पीतकांचन उजेडात, देवळामागच्या शाळेत, चित्रकलेच्या वृंदाबाई मुलांना एका दूरदेशीची गोष्ट सांगत होत्या.

"तिकडे काही चित्रकार झाले बरं का. त्यांनी राजे काढले नाहीत, राण्या काढल्या नाहीत. काढला दुकानातला डबा! तोही एकदा नव्हे. पुन्हा, पुन्हा, दर खेपेला नव्या रंगात. त्याला म्हणतात पॉप आर्ट. जे रोज दिसतं आणि म्हणूनच कुणी बघत नाही, त्याचा सोहळा."

"म्हणजे आमची आई रोज भाकऱ्या थापते तसं, बाई?"

"गप रे!" मागच्या बाकावरून कुणी ओरडलं. "तुझ्या आईच्या भाकऱ्यांना एकच रंग. करपलेला!"

वर्ग खदखदला. बाईही हसल्या. म्हणाल्या, "उद्या घरातली रोजची एक वस्तू आणा. रंगात बुडवू, कागदावर ठसे उठवू."

दुसऱ्या दिवशी कुणी कंगवा आणला, कुणी काडेपेटी, कुणी अर्धी चिरलेली भेंडी.

केतकीनं आणली झांज.

तिच्या घरातली रोजची वस्तू तीच. तिचे वडील दिगंबर, गावात येणाऱ्या प्रत्येक कीर्तनकाराचे झांजेचे साथीदार. पहाट त्या झणत्काराची, सांज त्या झणत्काराची. झांज देव्हाऱ्यात असे, देवांच्या शेजारी. "काशाचा कंठ माणसापेक्षा हळवा," बाबा म्हणत, "ओलं बोटसुद्धा त्याला सोसत नाही."

बाबा बाजाराला गेलेले. केतकीनं जोडीतली एक झांज उचलण्याआधी तिला वाकून नमस्कार केला. नमस्कार केला म्हणजे परवानगी मिळालीच की! देवाघरचं गणित तिला एवढंच ठाऊक.

मग काय वर्णावं! शुभ्र कागदाच्या आकाशात एक केशरी वर्तुळ उगवलं. शेजारी जांभळं. त्याखाली मोरपंखी, मग हळदुलं, मग डाळिंबी. झांज तीच आणि दर खेपेला निराळी. जसं नाम तेच, आणि दर ओठावर निराळं गोड. निनादाला रूप असतं तर ते असंच वलयांकित, असंच रंगगर्भ असतं. केतकी ठसा उठवी आणि श्वास रोखून बघे. वृंदाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या, आणि तिथंच रमल्या.

घंटा झाली. रंग वाळला होता.

फ्रॉकच्या टोकानं तिनं पुसलं, पुन्हा पुसलं. वरचा रंग गेला. काशावरच्या बारीक बारीक चऱ्यांत मात्र तो घट्ट बसून राहिला. ओलं बोट जिला सोसत नाही, तिला मी रंगात बुडवलं? गेला असेल का तिचा कंठ? घरी येऊन तिनं झांज गुपचूप देव्हाऱ्यात ठेवली, आणि बाबांना काही सांगायला जीभ उचलली नाही.

सांज झाली. देवळात उत्सवाचं कीर्तन. समया तेवल्या, पेटीनं सूर धरला, बुवांनी नमन आरंभलं. दिगंबरांनी फडक्यातून झांज काढली, आणि नेहमीसारखी न बघताच पहिला आघात केला.

बद्द.

पुन्हा. बद्द. ओल्या मातीवर माती पडावी, तसा.

"काय दिगंबरपंत," बुवा मिस्कील हसले, "झांजेला पडसं झालंय वाटतं!"

सभामंडपात खसखस पिकली. दिगंबरांचे कान लाल झाले. बायकांच्या घोळक्यातून केतकी उठली.

"बाबा, मी केलं. तिचे ठसे घेतले. पण... नमस्कार करून घेतले हो."

दिगंबरांनी झांज समईच्या उजेडात धरली. चऱ्यांतली ती केशरी, जांभळी, मोरपंखी वलयं न्याहाळली. ज्या काशाकडे जन्मभर कानांनी पाहिलं, त्याच्याकडे आज त्यांचे डोळे प्रथमच गेले.

"नमस्कार केलास ना? मग ती नाही रागवायची गो," ते हळूच म्हणाले. "बस खाली. ऐक."

आणि ते वाजवू लागले. बद्द, बद्द. मग किंचित किणकिण. दर आघातासरशी वाळल्या रंगाची चिमूट सुटू लागली. काशाचा कंठ रेषेरेषेनं मोकळा होऊ लागला. आधी कुजबुज, मग हुंकार, मग तो लखलखीत, तो सुवर्णधार, तो गाभाऱ्यापर्यंत पोचणारा झणत्कार!

बुवांनी डोळे मिटले आणि त्याच सुरावर गजर उचलला. समईच्या उजेडात रंगरेणू उडत होते. केशरी बुवांच्या उपरण्यावर, जांभळे तबल्याच्या शाईवर, डाळिंबी देवाच्या पायरीवर. नाद उठत होता, रंग झरत होता. आणि केतकीच्या ओल्या पापणीवर, अलगद, अगदी अलगद, येऊन टेकला एक मोरपंखी कण.