दोघींचा अंदाज

मदतनीस केरूने चौथी लोखंडी कांब जमिनीत ठोकली आणि कपाळावरचा घाम हातोड्याच्या मुठीनेच पुसला.

नाओमीला इस्रायलहून मिरियम मावशीचं पत्र आलं होतं: "इथे बेरशेबाला जिकडे बघावं तिकडे दगडच आहेत. तुला करमेल. लग्नाचंही बघू."

भूशास्त्राच्या शेवटच्या तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं होतं: तेल, खाणी, धरणं, पाणी, शिक्षण. मग वर्गातल्या एकुलत्या एका मुलीकडे, नाओमीकडे, बघून त्यांनी 'शिक्षण'खाली रेघ ओढली होती.

डोलवीच्या बाजूला एका ठेकेदाराला भरावाची माती तपासायला माणूस हवा होता. माणूस म्हणजे पुरुष, हे त्याने तिला फोनवर दोनदा सांगितलं.

या गावात दोन वर्षांपूर्वी आलेल्या अधिकाऱ्याला लोकांनी संध्याकाळपर्यंत शाळेत कोंडून ठेवलं होतं. प्यायला त्याच्याच बोअरचं खारं पाणी दिलं होतं.

गावातली सीताबाई पायाळू; जन्मली तेव्हा आधी तिचे पाय बाहेर आले.

"एकोणीस," नाओमी यंत्राचा काटा बघून म्हणाली.

"सकाळी अडतीस व्हते," केरू म्हणाला.

नाओमीने यंत्राची टोपणं पुन्हा पिळली, वायर पुन्हा जोडली. काटा एकोणीसवरच राहिला.

यंत्राचं काम तसं सोपं होतं. जमिनीत वीज सोडायची आणि जमीन तिला किती अडवते ते मोजायचं. कोरडा कातळ खूप अडवतो, पाण्याने भरलेला खडक कमी अडवतो. आणि खारं पाणी जवळजवळ अडवतच नाही. बांधाजवळ काटा दोनवर आला होता. तिथे खाली पाणी भरपूर होतं, आणि ते पिऊन कुणी दुसऱ्यांदा प्यालं नसतं. शाळेमागे सकाळी अडतीस, दुपारी एकोणीस. अडतीस खरे असतील तर गोडं पाणी मिळण्याची आशा. एकोणीस खरे असतील तर खाडी शाळेखालीही पोचली होती.

मे १९९५. पेणहून खाडीकडे जाणारा रस्ता जिथे संपतो, त्याच्याही पुढचं हे गाव. तळं आटलं होतं, आणि बायका भरतीच्या वेळी होडीने पलीकडे जाऊन हंडे भरून आणत होत्या. नाओमी एलिजा रोहेकर हिची भूजल खात्यातली नेमणूक सहा महिन्यांची, त्यातले चार संपलेले. साहेब प्रशिक्षणाला नागपूरला. जाताना ते एवढंच म्हणाले होते, "बोअरचा एक पॉइंट आहे. दे काढून. चांगला लागला तर मुदतवाढीचं पत्र लिहायला मला सोपं जाईल."

सकाळी सरपंच कमळाकरने तिला चहा दिला होता. खारट पाण्याचा, त्यात साखर दुप्पट.

"बाई, मागल्या सायबाचं यंत्रपन असंच व्हतं, पिवळं," तो म्हणाला होता. "आता गावानं ठरवलंय. तुमी जागा चिठ्ठीत लिवायची, पाकीट चिकटवून माझ्याकडं द्यायचं. उद्या सकाळी सीताबाई तळहातावर नारळ घेऊन चालंल. नारळ जिथं उभा राहील तिथं तिची जागा. दोघींचं जमलं तर बोअर. नाय जमलं तर गाडी परत."

"गाडी परत गेली तर तीन वर्षांनी नंबर लागेल."

"पाच. आमाला म्हायती हाय. पन शाळेत कोंडायला दर टायमाला नवीन सायब कुठून आनायचा?"

तो हसला होता.

दोन वाजता केरू भाकरी खायला बसल्यावर ती सीताबाईच्या घरी गेली. खाडीकाठी लहान पोरंही सांगत, पायाळू माणसाच्या तळव्यांना जमिनीखालचं पाणी कळतं. वीजही आधी त्याच्याच डोक्यावर पडते. नाओमी पाच वर्षं जे शिकली होती त्यात हे कुठेच नव्हतं. तरीही ती उंबऱ्यावर उभी राहिली. सीताबाई कुठे थांबणार हे कळलं असतं, तर तिने तीच जागा चिठ्ठीत लिहिली असती. मग पाणी खारं लागलं तरी चूक दोघींत वाटली गेली असती. पायाळू बाईला गाव कोंडणार नाही.

"मावशी, थोडं पाणी मिळेल?"

"या गावात येऊन पानी मागतेस? लाज नाय वाटत गो?" सीताबाई हसली, सुपातला जवळा बाजूला सारून उठली आणि अर्धा पेला पाणी दिलं. तिचे पाय रुंद होते, टाचा भेगाळलेल्या. नाओमीची नजर तिथेच गेली.

"उद्या... कुठून चालायला सुरुवात करणार तुम्ही?"

सीताबाईचा हात सुपावर थांबला. ती गेली आणि दार अर्धं लोटून आली.

"मीच येनार व्हते तुझ्याकडं. तुझं यंत्र कुठं म्हनतंय?"

"तुमच्या पायांना कळतं ना?"

"माझ्या पायांना ठेच लागली की तेवढी कळते."

बाहेर कोंबडी ओरडली तशा दोघी दचकल्या. सीताबाई पुढे बोलली ती खालच्या आवाजात, दाराकडे बघत.

"चौदा वर्साची व्हते. आजा म्हनाला चाल, मी चालले. दमले तिथं बसले. तिथं पानी लागलं. मंग जो तो न्यायला लागला. सात विहिरी लागल्या गो. कशा लागल्या, देव जाने. डोंगराच्या कडंकडंनं चालायचे, येवढंच. आठवी लेकीच्या सासरी. खारी. त्यांनी लेकीला सा महिने म्हायेरी धाडली नाय." तिने जवळ्यातला एक शिंपला वेचून काढला. "तू सांग. मी तिथं नारळ उभा करते. अंगठ्यानं व्हतो तो, शिकायला लागत नाय."

"मी तुम्हाला तेच विचारायला आले होते."

सीताबाईने तिच्याकडे बघितलं. आधी तिला हसू आलं, चांगलं मोठं, पदर तोंडाला लावण्याइतकं. मग ते थांबलं. नाओमीने पेल्यातला एक घोट घेतला.

"किती वर्सं शिकलीस ह्याचं?"

"पाच."

"मंग?"

"अंदाज येतो."

"अंदाज तर मलापन येतो. मंग तुला पगार कशाचा देतात?"

"चुकलं तर कागदावर कुणाचं तरी नाव लागतं ना."

सीताबाईने तो पेला नाओमीच्या हातातून घेतला, उरलेले दोन घोट मडक्यात परत ओतले.

नाओमी शाळेमागे गेली आणि तिने केरूला उठवलं. कांबी या खेपेला आडव्या रेषेत ठोकल्या, डोंगराच्या पायथ्याकडे सरकवत. एकतीस. पुन्हा. एकतीस. तिसऱ्यांदा काट्याकडे बघण्याआधी तिने डोळे मिटले. तेहतीस. यातून गोडं पाणी सिद्ध होत नव्हतं. बांधाजवळची जागा नको, एवढंच सिद्ध होत होतं, आणि ते गावातल्या म्हशींनाही ठाऊक होतं.

तिने चिठ्ठी दप्तरावर ठेवून लिहिली. अक्षर तिचं वाटेना. पाकीट चिकटवायला जीभ लावली तर जीभ कोरडी. केरूने भाताच्या चार शितांनी ते चिकटवून दिलं.

वाटेत सीताबाई दारात उभी होती.

"शाळेमागे," नाओमी न थांबता म्हणाली. "वडाच्या खुंटापासून डोंगराकडे अठरा पावलं."

"तुझी का माझी?"

नाओमी थांबली. चिठ्ठीत तिने स्वतःची पावलं लिहिली होती. तिने सीताबाईच्या पायांकडे बघितलं, मग आपल्या.

"माझी. तुमची एकवीस होतील. बावीस."

"येकवीस का बावीस?"

"बावीस."

सकाळी बोअरची गाडी शाळेच्या पटांगणात येऊन उभी राहिली तेव्हा अख्खं गाव बाहेर होतं. सीताबाई अनवाणी निघाली. तळहातावर आडवा नारळ, डोळे अर्धे मिटलेले. ती शाळेकडे वळलीच नाही. सरळ बांधाकडे गेली.

बांधाजवळ सीताबाई थांबली. नारळ किंचित हलला. कुणीतरी "हाय हाय, हितंच हाय," असं पुटपुटलं. नाओमीने केरूचा दंड कधी धरला ते तिला कळलं नाही. केरूने सोडवूनही घेतला नाही. मग सीताबाईने मान हलवली, वळली आणि म्हातारी गुरं चालतात तशी डुलत शाळेमागे आली. वडाचा खुंट. नाओमी मनात मोजत होती. एकोणीस. वीस. एकवीस.

बाविसाव्या पावलाला नारळ उभा राहिला.

कमळाकरने पाकीट फाडलं, मोठ्याने वाचलं, मग नाओमीला खुंटापासून अठरा पावलं चालायला लावून दोन्ही जागांमध्ये स्वतः टेप धरली. दीड हाताचा फरक निघाला. एक म्हातारा सीताबाईच्या पायांवर लोटला. एका बाईने नाओमीच्या कानशिलांवरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. "यंत्र नि पायाळू, दोन्ही येक बोलले," लोक एकमेकांना सांगत होते. सीताबाईने पाय मागे ओढून घेतले आणि लुगड्याखाली झाकले.

गाडी सुरू झाली. पन्नास फूट, पांढरी धूळ. शंभर फूट, धूळ. शाळेचं छप्पर, मुलांची डोकी, वडाचा खुंट, सगळं पिठासारखं पांढरं झालं. दीडशेला बोलणी थांबली. कागदावर दोनशेच फूट मंजूर होते. गाडीवाल्याने नाओमीकडे बघून भुवया उडवल्या आणि पुढचा पाइप लावला. सीताबाई गर्दीतून सरकत सरकत येऊन तिच्याशेजारी उभी राहिली. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, पण खांद्याला खांदा लागलेला होता.

एकशे अठ्ठ्याहत्तरला धूळ काळवंडली. मग पाइपच्या तोंडातून चिखल उसळला, त्यामागून पाणी, माणसाच्या दुप्पट उंच.

कुणीही ओरडलं नाही. दोन वर्षांपूर्वी याच क्षणाला गावाने फटाके लावले होते. आता सगळे त्या दोघींकडे बघत राहिले.

कमळाकरने तेलाचा रिकामा डबा धारेखाली धरला, भरला आणि पुढे केला. कुणाकडे करावा ते त्याला समजेना. डबा मध्येच राहिला. दोघींनी एकदमच ओंजळ घातली.

पाणी कोमट होतं, गढूळ, यंत्राच्या ग्रीसच्या वासाचं. नाओमीने ते तोंडात धरलं. जीभ भीतीने अशी कोरडी पडली होती की चव म्हणून काही लागेचना. तिने सीताबाईच्या तोंडाकडे बघितलं. सीताबाई तिच्या तोंडाकडे बघत होती, गाल फुगलेले, घोट न गिळता.

"काय?" कमळाकरने विचारलं. "बोला की कोनतरी."

त्या बोअरचं पाणी डिसेंबर १९९९मध्ये खारं झालं. तोवर साडेचार वर्षं गाव तेच पीत होतं.