कोपऱ्यातलं उलथणं

"ह्ये काय गं निकिता? नुसती जाळीच?"

मन्मथअप्पांनी भंगाराच्या ढिगातून पत्रा उचलला. सगळीकडं भोकं, मधे बोटाएवढ्या पट्ट्या.

"लेझर मशीन आलंय ना अप्पा. आता तुकडाच उरत न्हाई."

परभणीच्या याच वर्कशॉपमध्ये अप्पांनी उभी हयात पत्र्यावर खडूनं आखणी केली. नजर मंदावली तेव्हा मालक दिनकरराव म्हणाले, काम सोडा, पण उरलेले तुकडे कायम तुमचे. त्यातून अप्पा भाकरीची उलथणी घडवायचे, ताडकळसच्या बाजारात मांडायचे. बाजार उद्यावर आला होता, आणि पोतं रिकामं.

मशीन चालवणाऱ्या निकितानं त्यांना कॉम्प्युटरपुढं बसवलं, बटण दाबलं. पडद्यावरच्या पत्र्यात गेटची फुलं, पट्ट्या, रिंगा सरकायला लागल्या, वळल्या, एकमेकींच्या कुशीत शिरल्या.

"ह्याला नेस्टिंग म्हणतेत. पत्रा वाया जाऊ देत न्हाई."

अप्पांनी एका मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "हितं ती बारकी..."

बोट उचलायच्या आत बारकी पट्टी तिथं जाऊन बसली. अप्पा खळखळून हसले. "आगागा! लय हुशार हाय. माझ्यावानी रुसत बी नसंल."

"अप्पा, मोठ्या रिंगांच्या पोटात जागा असतीय. तुमी उलथण्याचा आकार द्या, मी तिथं बसवते. मालकांना विचारलंय."

अप्पांनी फरशीवर खडूनं एक उलथणं काढलं. दुपारपर्यंत पोतं भरलं. कडा घासायचंही काम उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाजारात अप्पांनी नेहमीचा काळा पत्रा अंथरला, त्यावर माल मांडला. एरवी बायका इथं ठाण मांडून बसायच्या. मूठ धरून बघायची, हवेतच भाकर उलटायची, नावं ठेवायची, दुसरं उचलायचं. आपल्या हाताचं सापडेपर्यंत गप्पा.

नेहमीच्या गिऱ्हाईक बायनाबाईनं दोन उलथणी एकावर एक ठेवली. "अप्पा, समदी जुळी हायती की! निवडायचं काय मग?"

"निवडू नका. वरचं घ्या."

"म्हंजी भांडायचं बी न्हाई?" तिनं वरचं घेतलं नि गेली. मागच्यांनीही वरचंच घेतलं.

ऊन डोक्यावर यायच्या आत माल संपला. असा कधीच संपला नव्हता. अप्पा रिकाम्या पत्र्याकडं बघत बसले.

तेवढ्यात सुकेशनी आली. स्टँडजवळच्या खानावळीत भाकऱ्या करायची. भाजल्यामुळं तिची बोटं आखडलेली, बारीक मूठ धरता यायची नाही. तिचं उलथणं अप्पा दरवेळी निराळं घडवायचे.

"माझं कुठाय, अप्पा?"

अप्पांनी रिकामं पोतं चाचपलं. फरशीवर आकार काढताना ती आठवलीच नव्हती.

"जुनं मोडलं. फडकं गुंडाळून चालवायलेय. मालकीण रोज बोलतीय, दुसरी बाई बघते म्हणून."

"बस हितं. हात ठिव."

तिनं पत्र्याच्या मधोमध हात ठेवला. मग दचकून म्हणाली, "अप्पा, ह्यो पत्रा तर तुमचं दुकान हाय!"

"हाय की. कापायला कोपराच लागंल."

अप्पांनी तिचा हात अलगद उचलला, कोपऱ्याला नेला, अगदी कडेला टेकवला, बाकीचा पत्रा वाया जाऊ नये म्हणून. खिशातला खडू काढला, आणि त्या आखडलेल्या बोटांभोवती हळूहळू रेघ ओढायला लागले.