मनगटावरचा रंग

मृतांच्या चेहऱ्यांना रंग देण्याचे काम मी सहा वर्षे करत आहे. जिवंत माणसांच्या नजरेला नजर देणे मला कधी जमले नाही. मृतांकडे मात्र कितीही वेळ पाहिले तरी त्यांना अवघडल्यासारखे होत नाही, आणि मलाही नाही.

जानेवारीतल्या त्या सोमवारी सकाळी आठ वाजता मिस ओडेसा टार्व्हर यांची शवपेटी आमच्या दाराशी उतरवली, तेव्हा मात्र मी एकदाच आत पाहिले आणि खिडकीकडे वळलो. चाळीस वर्षे त्या आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. मी मान वर न करता ताट पुढे करत असे आणि त्या काही न बोलता मक्याच्या कॉर्नब्रेडचा एक तुकडा जास्त ठेवत. त्यामुळे मला त्यांचा पीठ लागलेला हात चांगला आठवत होता. चेहरा मी कधी नीट पाहिलाच नव्हता. तरीही पेटीतला चेहरा त्या हाताचा नव्हता, एवढे मला कळले. गार राखेवर कुणी गुलाबी पूड भुरभुरावी तसा तो दिसत होता.

त्यांना रेल्वेच्या रुळांपलीकडून आणले होते. अलाबामातल्या आमच्या या लहान गावात शाळा एक झाली, इस्पितळ एक झाले, पण मेल्यावर कुठे जायचे हे अजून रूळच ठरवतात. अलीकडचे आम्ही काळे लोक आंट अर्नेस्टीनच्या अंत्यसंस्कारगृहात येतो, पलीकडचे गोरे लोक पांढऱ्या खांबांच्या त्या मोठ्या घरात जातात. मिस ओडेसा यांच्या मुलाने आईला खांबांच्या घरात नेले, तेव्हा चार दिवस गावात दुसरा विषय नव्हता. मग मुलीने तिथे आईचा चेहरा पाहिला आणि पेटी इकडे आणायला लावली.

त्या घराचे मालक मिस्टर प्रूइट स्वतः गाडी चालवत आले होते. हॅट छातीशी धरून ते पायरीखालीच थांबले.

"मिस अर्नेस्टीन, आम्ही मनापासून केलं हो. आमच्याकडे सगळ्यांना सारखंच करतात. रंग बघत नाही आम्ही."

"ते दिसलंच," आंट अर्नेस्टीन म्हणाली. ती माझ्या आजीची धाकटी बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. "वर या, प्रूइट. गारठून तुम्हीच गेलात तर तुम्हाला कोण रंगवणार? रंगाची बाटली चुकली तुमची, मन नाही चुकलं. कॉफी घ्या."

त्यांनी उभ्याउभ्याच कॉफी घेतली, चर्चमध्ये येतो म्हणाले आणि निघाले. मागे राहिली मिस ओडेसा यांची दोन मुले. आमच्याकडे मोठ्या बाईला, लग्न झालेले असले तरी, मानाने मिसच म्हणतात. थोरल्या मिस व्हर्लीन गावातच शिक्षिका होत्या. धाकटे मिस्टर क्लिफ्टन एकवीस वर्षे सैन्यात काढून अटलांटात स्थायिक झाले होते. समोरच्या खोलीतल्या लांब सोफ्याच्या दोन टोकांना ती बसली होती. मधे आंटने केकची बशी ठेवली होती आणि तिला कुणी हात लावत नव्हते.

"बाराला चर्चमध्ये दर्शन आहे," मिस व्हर्लीन माझ्याकडे पाहत म्हणाल्या. "आज सुट्टी म्हणून मुद्दाम आजचा दिवस धरला. अख्खं गाव येईल. लेम्युएल, पोरा, मला माझी आई परत दे. नाही जमलं तर पेटी बंद ठेवू. आणि बंद पेटीमागून चालायची वेळ आली, तर मी ह्या माणसाशेजारी चालणार नाही. आज नाही आणि पुढेही नाही."

"हा माणूस म्हणे," मिस्टर क्लिफ्टन म्हणाले. "नाव तरी घे माझं."

"नाव मम्माने ठेवलंय. तिला तोंड दाखव, मग घेईन."

आंटच्या बोटांत संधिवाताने घर केले आहे. गेल्या वर्षापासून ब्रश तिच्या हातात ठरत नाही. तिने माझ्याकडे पाहिले आणि मी होकारार्थी मान हलवली.

आतल्या खोलीचे दार मी उघडेच ठेवले, कारण पूर्वेचा उजेड तिथूनच येतो. पलीकडचा रंग उतरवायला तासभर लागला. कोल्ड क्रीम, मऊ कापड, पुन्हा क्रीम. कापडावर गुलाबी उतरत होते आणि बाहेरून त्या दोघांचे बोलणे येत होते.

"आज तारीख काय आहे, ठाऊक आहे ना?" मिस्टर क्लिफ्टन म्हणत होते. "डॉक्टर किंग यांचा दिवस. माणसं मार खाऊन तुरुंगात गेली ती कशासाठी? चामडीकडे कुणी बघू नये म्हणूनच ना? सैन्यात आम्हाला एकच रंग होता, हिरवा. मी माझ्या मुलांनाही तेच शिकवलं."

"चामडीकडे बघू नये म्हणून नाही गेली. बघून तोंड फिरवू नये म्हणून गेली. आणि तुझा तो हिरवा घालून पहिल्यांदा घरी आलास, तेव्हा पेट्रोल पंपावरच्या माणसाने तुला काय म्हटलं होतं? तो गणवेश पाहून म्हटलं होतं की तोंड पाहून?"

"ते एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी होतं, व्हर्लीन."

"आणि बँकेच्या दारावरचा सुट्टीचा कागद? तो या आठवड्याचा आहे. आजची सुट्टी दोघांच्या नावाने लिहिलीय. एक डॉक्टर किंग, आणि दुसरे आपल्याला गुलाम ठेवण्यासाठी लढलेले सेनापतीसाहेब. ते मात्र सगळ्यांना बरोबर दिसतात."

"म्हणून काय आपणही तसंच करत बसायचं? अलीकडे-पलीकडे?"

"केक खा," आंट मधेच म्हणाली. "मेलेल्या बाईच्या कानांवर एवढं ओझं टाकू नका. तिने तुम्हा दोघांना आयुष्यभर ऐकलंय."

मग मिस्टर क्लिफ्टन यांचा आवाज आला, आधीपेक्षा बारीक.

"आजी त्या खांबांच्या घराची धुणी करायची, आठवतंय? तेव्हा ते फ्युनरल होम नव्हतं, राहतं घर होतं. मम्मा सहा वर्षांची. कपड्यांची टोपली घेऊन आजीबरोबर जायची, मागच्या दाराने. एकदा खांब पाहायला म्हणून पुढे गेली, तर कुत्रा सोडला तिच्यावर. मला एकदाच सांगितलं होतं तिने, मी सैन्यात निघालो त्या दिवशी. मला तिला पुढच्या दारातून न्यायचं होतं. एवढंच होतं माझ्या मनात. दोन्ही दारं उघडून नेलं त्यांनी तिला. प्रूइटने स्वतः धरली दारं."

मिस व्हर्लीन म्हणाल्या, "मला कधी सांगितलं नाही तिने हे."

"तू भांडायला गेली असतीस."

"गेले असते," त्या म्हणाल्या, आणि बशी सरकल्याचा आवाज झाला.

रंग उतरला होता. पण मृत्यू खरा रंगही आपल्याबरोबर नेतो. उरतो तो फक्त त्याचा गाळ. खालचा रंग कुठला होता हे मला कुणीतरी सांगायला हवे होते. मी बाहेर येऊन छायाचित्रे मागितली. मिस व्हर्लीन यांनी पिशवीतून सात काढली. एकात मिस ओडेसा कोळशासारख्या होत्या, नुसते दात आणि मोत्यांची माळ दिसणाऱ्या. दुसऱ्यात जवळजवळ पिवळ्या. तिसरे नातीच्या फोनमधले, त्यात गाल संत्र्यासारखे. जुन्या कॅमेऱ्यांना आमचे चेहरे कधी नीट वाचता आले नाहीत, आणि नव्यांना ते सुधारण्याची घाई असते.

"मम्मा पेकनच्या तपकिरी टरफलासारखी होती," मिस व्हर्लीन म्हणाल्या.

"काहीतरीच. त्याहून गडद."

"तुला रंग दिसत नाहीत ना?"

घड्याळात पावणेदहा वाजले होते. मी हातातल्या सात वेगवेगळ्या मिस ओडेसांकडे पाहत उभा होतो, आणि माझ्या शाळेतल्या सगळ्या वर्षांचा मला राग आला. एकदा तरी मान वर करायला काय हरकत होती?

"लेम्युएल," आंट म्हणाली, "माझे वडील फोटो बघायचेच नाहीत. सांगितलंय तुला."

सांगितले होते. तिच्या वडिलांची रीत अशी, की रंग फोटोवरून लावायचा नाही, रक्तावरून लावायचा. जवळच्या ज्या नातेवाइकाचा वर्ण मृतावर गेला असेल, त्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावायचा. जो थेंब त्या कातडीत दिसेनासा होईल, तो खरा. आजवर हे काम नेहमी आंट करत आली होती. ती लोकांचे हात सहज हातात घेते, त्यांच्याशी थट्टा करते. मला तर चर्चमध्ये हात मिळवायचीही भीती वाटते.

मिस व्हर्लीन वडिलांवर गेल्या आहेत, उजळ, ठिपक्याठिपक्यांच्या. मी मिस्टर क्लिफ्टन यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"सर, तुमचा हात लागेल मला."

"कशाला?"

आंटने माझ्या वतीने बोलण्यासाठी तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. ती मुद्दाम गप्प राहिली, हे माझ्या लक्षात आले.

"तुमच्या आई तुमच्यातच आहेत, सर," मी म्हणालो. "मला बघावं लागेल. नीट, आणि बराच वेळ."

त्यांनी कोटाची बाही वर केली, मग शर्टाची. खिडकीजवळच्या स्टुलावर मी त्यांना बसवले आणि त्यांचे मनगट माझ्या डाव्या तळव्यावर घेतले. जड, गरम हात. त्याखाली नाडी चालत होती.

मी पाहू लागलो. दुरून तपकिरी वाटणारा तो रंग जवळून एक नव्हताच. तळाशी आमच्या रस्त्यांच्या कडेची लाल माती होती. तिच्यावर उसाच्या जुन्या पाकाचा काळपट सोनेरी थर. शिरांच्या काठाने किंचित निळसर सावली, पहाटे शेतांवर असते तशी. मी तपकिरीत विटकरी घातला, थोडा पिवळा. काळा नाही, कारण काळ्याने चेहरा विझतो, ही आंटची पहिली शिकवण. त्याऐवजी सुईच्या टोकाएवढा निळा. पहिला थेंब मनगटावर उठून दिसला. दुसराही. तिसरा अधिक लाल झाला.

रस्त्यावरून मिरवणूक जाऊ लागली. शाळेचा बँड, मागून मुले, पुठ्ठ्यांवरची डॉक्टर किंग यांची चित्रे. मिस्टर क्लिफ्टन यांनी तिकडे पाहिले नाही. ते स्वतःच्या मनगटाकडे पाहत होते.

"किती वर्षं झाली," ते हळूच म्हणाले, "कुणी असं बघितलं नाही माझ्याकडे. बघितलं की मला वाटायचं, आता हा काहीतरी म्हणणार. म्हणून मीच ठरवलं, बघायचं नाही. कुणाकडेच."

मी मान वर केली. त्यांचे डोळे ओले होते आणि मी नजर वळवली नाही. चौथा थेंब लावला, बोटाने पसरवला. तो गेला. कुठे गेला ते मलाही दिसेना.

मग मी तो रंग घेऊन आत गेलो.

साडेअकरा वाजता मी दोघांना बोलावले. मिस ओडेसा निळा पोशाख घालून, रविवारची पिसांची टोपी उशाशी ठेवून निजल्या होत्या. दारातून येणारा उजेड गालावर होता. त्यांचे हात मी शेवटी रंगवले होते, आणि ते करताना मला कॉर्नब्रेडचा वास आल्यासारखे झाले.

मिस व्हर्लीन पुढे झाल्या. बोटांच्या मागच्या बाजूने त्यांनी आईच्या गालाला स्पर्श केला. "आलीस का गं," एवढेच म्हणाल्या. मग वळून न बघता त्यांनी एक हात मागे केला. "ये, जूनबग." ते भावाचे लहानपणीचे नाव होते.

मिस्टर क्लिफ्टन जाऊन शेजारी उभे राहिले. बराच वेळ उभे होते. चर्चला निघायची वेळ झाली तेव्हा मी कोल्ड क्रीम लावलेला कापसाचा बोळा त्यांच्यापुढे धरला, मनगट पुसायला. पहिले तीन थेंब त्यांनी लगेच पुसले. मग हात उजेडात धरला, वळवला, चष्मा वर केला, पुन्हा वळवला.

"रंग दिसत नाही म्हणे," मिस व्हर्लीन म्हणाल्या. "मग शोधतोयस काय मघापासून?"

"मम्माला," ते म्हणाले. "इथंच लावली होती ह्याने. सापडत नाही."

त्या हसल्या, मग रडल्या, आणि त्याच हाताला धरून त्यांनी भावाला पायऱ्या उतरवत नेले. खाली मिस्टर प्रूइट पुन्हा आले होते. त्यांनी हॅट काढली आणि पेटीच्या मागोमाग चालताना माझ्याजवळ येऊन विचारले, मिस अर्नेस्टीन म्हणाल्या त्या निळ्याचं काय ते मला शिकवशील का? गुरुवारी या, मी म्हणालो. पण मनगट घेऊन यावं लागेल, आंट मागून म्हणाली, बघू या तुमच्यात काय काय आहे ते.