पूर्वेकडचं टेबल

भिंतीवरच्या कॅलेंडरात शनिवारच्या चौकटीत लाल गणपती छापलेला होता आणि त्याच्या पायाशी, बारीक अक्षरांत, चंद्रोदयाची वेळ: ९.०६. ही वेळ मुंबईची. बारामती मुंबईच्या पूर्वेला पावणेदोन अंशांवर, म्हणजे इथं चंद्र सात मिनिटं आधी उगवणार. रोहिणीनं शेजारी पेन्सिलीनं ८.५९ लिहिलं. नऊ वर्षं ती हा आकडा असा दुरुस्त करत आली होती. अधिक महिने धरून ही एकशे बारावी संकष्टी.

ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणारी बाई चंद्र बघितल्याशिवाय जेवत नाही, म्हणून स्टाफरूममध्ये अधूनमधून थट्टा व्हायची. ती हसून सोडून द्यायची. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी सासूबाईंनी, प्रयागबाईंनी, मोरगावच्या गणपतीपुढे बोलून ठेवलं होतं, मूल होईस्तोवर सून संकष्टी धरील. तेव्हा नाही म्हणायला काही कारण नव्हतं. मग पुण्याच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. इंजेक्शनं, रोज सकाळी थर्मामीटर, एक ऑपरेशन. तीनदा आशा लागली आणि तीनदा गेली. आता सहा जानेवारीला पुन्हा बोलावलं होतं आणि येणार की नाही ते सोमवारी फोनवर कळवायचं होतं.

जायचं नाही, हे रोहिणीला दिवाळीपासूनच माहीत होतं. नवऱ्यापुढे ते बोलायचं तेवढं राहिलं होतं. संभाजी भवानीनगरच्या साखर कारखान्यातून संध्याकाळी मोटारसायकलवर यायचा, गळीत जोरात असल्यामुळे अंगातलं त्राण गेलेला. ती चहा टाकायची. तो कप घेऊन पायरीवर बसायचा. बोलणं उद्यावर जायचं.

त्यात सुकन्याचा सोलापूरहून फोन आला. पुण्याला असताना दोघी होस्टेलच्या एका खोलीत तीन वर्षं राहिल्या होत्या. सुकन्या, तिचा नवरा महिपती आणि दोन्ही मुलं पुण्याला चालली होती, शनिवारची रात्र बारामतीत काढणार होती.

"स्वयंपाकाचा घाट घालू नकोस. तुझी चतुर्थी असते, माहितीये मला," सुकन्या म्हणाली. "बाहेरच जाऊ कुठंतरी. फक्त पोरांना चालेल असं बघ."

पोरांना चालेल असं म्हणजे काय, याचा रोहिणीनं दोन दिवस विचार केला. उत्कर्षा सात वर्षांची, यशराज तीन. शुक्रवारी प्रॅक्टिकल संपल्यावर तिनं लुना काढली आणि तीन हॉटेलं बघून आली.

स्टँडसमोरच्या हॉटेलात फॅमिली रूम होती, म्हणजे प्लायवुडची खोकी आणि प्रत्येकाला एक मळका पडदा. तीन वर्षांचं पोर त्यात दोन मिनिटं बसेल आणि मग पडद्याखालून थेट भटारखान्यात उकळत्या तेलापाशी. उडप्याचं हॉटेल वरच्या मजल्यावर होतं. तिनं पायऱ्या मोजल्या. बावीस, आणि एका बाजूला कठडाच नाही. तिसरं भिगवण रस्त्यावरचं, हिरवळ असलेलं. तिथं एक झोपाळा होता, एक घसरगुंडी होती. घसरगुंडीच्या पत्र्याची कड आत वळवलेली आहे का, ते तिनं बोट फिरवून बघितलं. झोपाळ्याच्या साखळीची वरची कडी किती झिजलीय, तेही बघितलं. तिचा हा तपास वेटर हातातलं फडकं खांद्यावर टाकून बघत होता.

"कितीजण हाय म्याडम?"

"सहा. त्यात दोन लहान. भाजी बिनतिखट करून मिळेल?"

"मिळंल की. बारक्याला खुर्ची उंच करून देतो, दोन गाद्या टाकून. तुमचीच का दोन्ही?"

"नाही. पाहुण्यांची आहेत."

"बरं," तो म्हणाला आणि उगाच टेबल पुसायला लागला.

तिनं कोपऱ्यातलं टेबल सांगून ठेवलं. लुनाला पाय मारताना तिच्या लक्षात आलं, की त्या टेबलावरून पूर्वेची बाजू मोकळी दिसते. समोर ऊस आणि वर नुसतं आभाळ. मुलांचं बघता बघता तिनं स्वतःच्या चंद्राचीही सोय लावून ठेवली होती. घरी पोचेपर्यंत तिला स्वतःचाच कंटाळा आला.

शनिवारी सकाळी प्रयागबाईंनी गावातल्या दुकानातून फोन केला.

"पावण्यांच्या नादात इसरू नगंस. चंद्र बगितल्याबगर घास न्हाय घ्यायचा."

"नाही घेत, आत्या."

"आन् सा तारखेचं पक्कं हाय न्हवं?"

"बघते," रोहिणी म्हणाली.

संध्याकाळी सातला सगळे हॉटेलात पोचले. थंडी होती. उत्कर्षा स्वेटर काढून फेकत झोपाळ्याकडे पळाली, यशराज तिच्यामागे. सुकन्या खुर्चीत बसली ती दोन्ही चपला सोडूनच.

"काय गं, पार वाळलीस."

"प्रॅक्टिकलं चालू आहेत."

"दरवेळी प्रॅक्टिकलंच असतात तुझी."

संभाजी घड्याळाकडे बघून म्हणाला, "आपण पूर्वेकडं तोंड करून बसलोय. नऊला इथनंच दिसेल."

"वहिनी," महिपती म्हणाला, "एक टेबल आमच्यासाठी आणि एक चंद्रासाठी, असं सांगितलंत की काय?"

रोहिणी हसली. सकाळपासून दोन कप चहा आणि वाटीभर साबुदाणा एवढंच पोटात होतं. डोकं जड झालं होतं. पण दर संकष्टीला यावेळी ते तसं व्हायचंच.

आठला ताटं आली. पाच ताटं आणि रोहिणीपुढे लिंबूपाणी. यशराजला दोन गाद्यांवर बसवलं. बटाट्याची भाजी खरोखरच बिनतिखट होती. सगळं तिच्या मनातल्या यादीप्रमाणे होतं.

"मावशीचं ताट कुठंय?" उत्कर्षानं विचारलं.

"मावशीचा उपास आहे," सुकन्या म्हणाली. "चंद्र उगवल्यावर जेवणार ती. तू खा."

"मग मीपण चंद्र उगवल्यावर."

"तुला निमित्तच पाहिजे. खा म्हटलं ना."

"मावशी खात नाही तर मीपण नाही खाणार." तिनं ताट सरकवलं आणि हाताची घडी घातली.

ते बघून यशराजनं तोंडातला पुरीचा घास बाहेर काढून ताटात ठेवला आणि त्यानंही हाताची घडी घातली. ती त्याला नीट जमत नव्हती.

"झालं," सुकन्या म्हणाली. "दुपारपासून नुसत्या बिस्किटांवर आहेत ही. आता तासाभरात झोपेनं पेंगतील, आणि मग रात्री दोनला उठून भूक भूक करतील." तिनं आधी दटावलं, मग आईस्क्रीमचं आमिष दाखवलं. महिपतीनं पुरीचं विमान केलं. विमान यशराजच्या बंद ओठांपर्यंत जाऊन परत आलं.

रोहिणीनं घड्याळ बघितलं. आठ वाजून दहा. तिनं कठडा बघितला होता, तेल बघितलं होतं, साखळीची कडी बघितली होती. मुलं आपल्या ताटाकडे बघून नाही, समोरच्या माणसाकडे बघून जेवतात, हे तिला सुचलं नव्हतं. सुचणार तरी कुठून, असं तिच्या मनात आलं, आणि नवल म्हणजे ते टोचलं नाही. ऊस हलत होता. त्याच्यावरच्या आभाळात अजून काहीच नव्हतं. यशराजची मान एकदा पुढे गेली आणि तो दचकून सरळ झाला.

तिनं वेटरला हाक मारली.

"अजून एक ताट आणा."

"कुणाला म्याडम?"

"मला."

सुकन्या तिच्याकडे बघतच राहिली. संभाजी खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाला, "अगं, पाऊण तासच राहिलाय."

"एकोणपन्नास मिनिटं."

"मग? एवढ्यासाठी कशाला मोडतीस? आईला काय सांगायचं?"

"जेवली म्हणून सांगायचं."

ताट आलं. पुरी फुगलेली होती, रोहिणीनं ती फोडली, वाफ जाऊ दिली आणि भाजीला लावून तोंडात घातली. भाजी फारच सपक होती. उत्कर्षानं तिचा घास गिळला जाईपर्यंत बघून खात्री करून घेतली, मग स्वतःचं ताट ओढलं. यशराजनं मघाशी बाहेर ठेवलेला घास पुन्हा तोंडात टाकला. महिपती आमटी भुरकायला लागला.

संभाजीचा हात ताटात तसाच थांबला होता. त्याच्या नखांत कारखान्याचं ग्रीस होतं, घासूनही न निघालेलं. तोही दमला आहे, नऊ वर्षं तोही हेच करत आलाय, हे तिला त्या हाताकडे बघून लख्ख दिसलं. त्यानं लोणच्याची वाटी तिच्याकडे सरकवली.

"असू दे," तो म्हणाला. "पुढच्या चतुर्थीला धर म्हणजे झालं."

रोहिणीनं दुसरी पुरी घेतली. ती फोडली नाही, नुसती हातात धरली.

"नाही, पुढची पण नाही," ती म्हणाली. "आणि सहा तारखेला मी पुण्याला येणार नाही. सोमवारी फोन मीच करते."